देवाच्या वळचणीला

स्लोव्हेनियात आगगाडीच्या खिडकीशी बसलं की एक खेळ आपोआप सुरू होतो. डोंगर दिसला की त्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका शोधायचा. आणि तो सापडतो! कधी ऐन शिखरावर, कधी सोंडेच्या टोकाला, कधी झाडीत अर्धा बुडालेला, पण सापडतो. चर्च. एवढंसं, पांढऱ्या भिंतींचं, वर टोकदार मनोरा. गावात एक चर्च आहेच, चांगलं मोठं, रस्त्याला लागून. मग हे दुसरं तिथे वर कुणी आणि कशाला नेऊन ठेवलं? आसपास घर दिसत नाही, रस्ता दिसत नाही. ल्युब्ल्यानाहून काम्निकला जाणाऱ्या गाडीत मी असे इतके ठिपके दाखवले, की शेजारी बसलेला भाचा शेवटी म्हणाला, "मावशी, त्यातल्याच एकावर आपण चाललोय. जरा दम धर."

स्वेती प्रिमोझ! हे नाव मी आता ज्याला त्याला सांगत सुटले आहे. फोनवर घरच्यांना सांगून झालंय, ट्रेकच्या ग्रुपवर सांगून झालंय, आता तुम्ही.

हा उत्साह कुठून आला तेही सांगते. मी सह्याद्रीतली भटकी. राजगडावर पद्मावती माचीच्या देवळात रात्र काढलेली माणसं महाराष्ट्रात हजारोंनी असतील, त्यांतली मी एक. देवीसमोर ओळीने पसरलेल्या पथाऱ्या, कोपऱ्यात ओल्या बुटांचा ढीग, कुणाचं तरी घोरणं, पहाटे चुलीचा धूर आणि त्यातूनच कुणीतरी लावलेली उदबत्ती. डोंगरावरचं देऊळ म्हणजे पाठ टेकायची जागा, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. चर्चचं मात्र तसं नव्हतं. युरोपातल्या शहरांतली मोठमोठी कॅथेड्रल पाहताना मनावर दडपण येतं. तिकीट काढा, हळू बोला, खांदे झाका, इथून आत जा, तिथून बाहेर पडा. त्यामुळे घामाने निथळत, चिखलाच्या बुटांनी चर्चकडे जायचं म्हणजे मी आधीच अवघडलेली.

काम्निकपासून उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर स्ताहोवित्सा नावाचं गाव आहे, काम्निश्का बिस्त्रित्सा नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी. तिथून पायवाट बीचच्या रानात शिरते आणि शिरल्या शिरल्या उभी होते. ओळख नाही, पाळख नाही, सरळ चढण! जून संपत आलेला, रान गच्च हिरवं, उन्हाचे कवडसे पाचोळ्यावर हलताहेत, आणि मी दर वळणाला झाडाला हात लावून उभी. पण वाट चुकायची भीती अजिबात नाही. झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर रंगवलेली एकच खूण पुनःपुन्हा भेटते, मधे पांढरा ठिपका आणि त्याभोवती लाल कडं. ही खूण अलोइझ क्नाफेल्ट्स नावाच्या गृहस्थांनी १९२२ मध्ये रूढ केली आणि आज सगळ्या स्लोव्हेनियातल्या डोंगरवाटांवर तीच चालते. इतकी साधी, इतकी लांबून दिसणारी! ढाकच्या जंगलात पावसाळ्यात आपण वाट शोधत कसे गोल गोल फिरतो ते आठवलं आणि मी त्या क्नाफेल्ट्सबुवांना मनातल्या मनात दंडवत घातला.

आणि माणसं! रविवारी सकाळी अख्खा देश डोंगरावर असतो की काय, असं वाटावं. उण्यापुऱ्या २१ लाख वस्तीचा हा देश, त्याच्या झेंड्यावर डोंगर आहे, त्रिग्लाव, २८६४ मीटर. गिर्यारोहण मंडळ १८९३ पासूनचं. पाठीवरच्या पाळण्यात तान्हं मूल घेऊन चढणारी आई मला मागे टाकून गेली. दोन काठ्या टेकत, ठेक्यात चालणारे सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबाही मागे टाकून गेले. एक मुलगा तर चक्क पळत वर गेला आणि आम्ही पोचायच्या आत पळत खाली येताना भेटला. प्रत्येक जण "डोबर दान" म्हणणार. शहरात लिफ्टमध्येही नजर चुकवणारी ही मंडळी डोंगरावर कशी मोकळी होतात! आपल्याकडेही तसंच आहे म्हणा. गडावर अनोळखी माणूसही "अजून किती?" या प्रश्नाला "आलंच, पाच मिनिटं" असं हसत हसत खोटं सांगतो. इथेही मी विचारलं. भाच्याने भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, "पाच मिनिटं." खोटं! साफ खोटं! अर्धा तास लागला.

मग रान एकदम सरलं. गवताचा उतार, त्यावर चर्च, आणि चर्चच्या पाठीमागे, थोडं वर, आणखी एक छोटं चर्च. खालचं संत प्रिमोझ आणि फेलित्सियान या दोन हुतात्मा भावांचं, वरचं संत पीटरचं. उंची सुमारे ८४० मीटर. आपल्या हिशेबात किरकोळच. पण समोर! काम्निकचा सगळा सपाट प्रदेश, गावांचे लाल ठिपके, ल्युब्ल्यानाकडे पसरत गेलेली मैदानं, आणि पाठीमागे काम्निक-साविन्या आल्प्सची करडी भिंत. मी तिथे किती वेळ "अरे बापरे" एवढंच म्हणत होते, भाच्यालाच माहीत.

आणि आता खरी गोष्ट. चर्चच्या उन्हाकडच्या भिंतीला टेकून लाकडी बाक. त्या बाकावर कोण होतं? प्रार्थनेला आलेलं कुणीही नाही. बूट काढून तळवे उन्हाला दाखवत बसलेली दोन मुलं. सफरचंद कापणारी बाई. पाव, चीज आणि कच्ची सिमला मिरची चाकूने कापून खाणारं एक कुटुंब. भिंतीशी दाटीने टेकवलेल्या काठ्या, सॅका, एक थकलेला कुत्रा. कुणी दबकून बोलत नव्हतं. कुणी कुणाला "शू" करत नव्हतं. चर्चची भिंत सकाळपासून ऊन पिऊन गरम झालेली, आणि त्या भिंतीला पाठ लावली की पाठीतला घाम पाच मिनिटांत वाळतो. मी टेकले. सफरचंदवाल्या बाईंनी काही न विचारता एक फोड माझ्यापुढे धरली. मी डब्यातली शेंगदाण्याची चिक्की काढली. त्यांनी खाल्ली, डोळे मोठे केले आणि कागद मागून घेतला, नाव वाचायला. नाव अर्थातच मराठीत. तरी त्यांनी घडी घालून खिशात ठेवला!

तेवढ्यात लोखंडी डबी दिसली. इथल्या शिखरांवर आणि अशा ठिकाणी नोंदवही ठेवलेली असते, सोबत रबरी शिक्का. वही उघडायची, नाव, तारीख, कुठून आलो, कुठे चाललो ते लिहायचं, शिक्का आपल्या वहीत मारून घ्यायचा. १९५३ मध्ये या देशात मारिबोरपासून समुद्रापर्यंत जाणारी डोंगरवाट आखली गेली, सुमारे ६०० किलोमीटरची, आणि तेव्हापासून तिच्यावरच्या मुक्कामांचे शिक्के गोळा करणं हा लहानथोरांचा छंद आहे. माझ्याकडे शिक्क्यांची वही नव्हती. मी तळहातावर मारून घेतला. आणि नोंदवहीत ठसठशीत देवनागरीत लिहिलं, पुण्याहून आले, वर चालले, चढ खडा आहे.

पाऊस आला तो यानंतर. आल्प्सच्या पायथ्याला उन्हाळ्यातला पाऊस दुपारचा कधीही येतो म्हणे, आमच्यासाठी तो सकाळीच आला. डोंगरामागून काळं काहीतरी सरकलं, वारा थांबला, आणि मग धो धो. बाकावरचे सगळे उठले आणि चर्चच्या वळचणीला भिंतीशी चिकटून एका ओळीत उभे राहिले. पन्हाळीतून पाणी पायांपुढे हातभर अंतरावर पडतंय, कुत्रा मधोमध, तान्हं मूल मजेत हात पुढे करून थेंब पकडतंय. थोड्या वेळाने ओळीतला शेवटचा माणूस दाराशी सरकला, त्याने दार ढकललं, ते उघडलं आणि आम्ही सगळे आत.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण आत जे होतं त्याची मला काडीमात्र कल्पना नव्हती. बाहेरून पांढरं, साधं, शेतकरी वळणाचं चर्च. आत मधोमध खांबांची रांग, तिच्यावर तोललेलं कमानदार छत, आणि भिंतींवर चित्रं! १५०४ मधली! शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सव्वाशे वर्षं, पानिपतची पहिली लढाईही अजून व्हायची होती, तेव्हा कुणीतरी रंगाची भांडी घेऊन ही मघाची चढण चढला होता. एका भिंतीवर तीन राजे बाळ येशूच्या भेटीला निघालेत. घोडे, स्वार, लवाजमा, कुणी मागे वळून बोलतोय, कुणाचं घोड्याकडे लक्ष. बेथलेहेमला निघालेली ही मंडळी काम्निकच्या बाजाराला निघाल्यासारखी दिसतात आणि मला ते फार आवडलं. समोरच्या भिंतीवर मेरीच्या आयुष्यातले प्रसंग. रंग अजून टिकून आहेत, कुठे पुसट, कुठे ताजे.

आणि राजांच्याच भिंतीवर ती. मेरी, दोन्ही हातांनी आपलं अंगावरचं वस्त्र पसरून उभी, आणि त्या वस्त्राखाली दाटीवाटीने माणसं. युरोपात त्या काळात हा चित्रप्रकार बराच चालत असे. त्यात पोप असतात, राजे असतात, सरदार, साधू, गरीबगुरीब, सगळे एकाच कापडाखाली. प्लेग येऊन जात होता. तुर्कांच्या धाडी या मुलुखात पंधराव्या शतकापासून पडत होत्या. माणसांना पदराखाली घेणारं कुणीतरी हवं होतं. मराठीत याला दुसरा शब्दच नाही. तिने सगळ्यांना पदराखाली घेतलंय. आणि त्या चित्रासमोर, पाच शतकांनंतर, ओल्या जाकिटांतून पाणी टपकवत, फरशीवर चिखलाचे ठसे उमटवत, खांद्याला खांदा लावून आम्ही उभे होतो, त्यांत कुत्रासुद्धा. मला हसू आलं आणि घशाशी काहीतरी दाटलं, दोन्ही एकदम. मी देवभोळी नाही. पण ज्याने हे चित्र काढलं त्याला पावसात डोंगरावर अडकलेल्या माणसाची अवस्था ठाऊक होती, एवढं मी पैजेवर सांगते.

चित्रावरून तुर्कांचा विषय निघालाच आहे, तर भाच्याने त्या अंधाऱ्या चर्चमध्ये कुजबुजत सांगितलेली गोष्ट सांगते. ल्युब्ल्यानाच्या वेशीवर श्मार्ना गोरा नावाची टेकडी आहे, ६६९ मीटर, माथ्यावर चर्च. शहरातली माणसं रोजच्या रोज चढतात, कामावर जायच्या आधी, कामावरून आल्यावर. शेजारच्या शिखरावर पूर्वी तुर्कांची चाहूल लागली की आग पेटवत, ती बघून पुढच्या डोंगरावर पेटे, आणि खालच्या गावांतली माणसं जनावरं घेऊन चर्चच्या तटाआड पळत. हो, तट! डोंगरावरच्या चर्चभोवती भिंत बांधून त्याचा लहानसा कोटच करत. तर आख्यायिका अशी, की तुर्कांनी श्मार्ना गोरेला वेढा घातला आणि ठरलं की दुपारच्या बाराची घंटा होईपर्यंत टेकडी हाती आली नाही तर ते निघून जातील. चर्चच्या घंटेकऱ्याने काय करावं? अर्धा तास आधीच बाराची घंटा बडवली! तुर्क गेले. तेव्हापासून आजतागायत श्मार्ना गोरेवर दुपारची घंटा साडेअकराला वाजते. खरं-खोटं देव जाणे, पण घंटा साडेअकराला वाजते हे खरं, आणि पुढच्याच आठवड्यात मी ती वर उभी राहून, हातातल्या घड्याळाकडे बघत ऐकली. तिथेच इच्छा मनात धरून वाजवायची एक लहान घंटाही आहे. ती मीही वाजवली. काय मागितलं ते सांगणार नाही, गुडघ्यांशी संबंधित होतं.

तर माझ्या आगगाडीतल्या प्रश्नाचं उत्तर असं हळूहळू मिळत गेलं. चर्च वर नेलं ते लांबून दिसावं म्हणून, आग दिसावी म्हणून, घंटा चार गावांत ऐकू जावी म्हणून, संकटात पळून जायला जागा असावी म्हणून. देवासाठी तर होतंच. धाडी थांबल्या, तट पडले किंवा पाडले, पण वाटा राहिल्या, बाक राहिले, आणि पळून जायची गरजही राहिली असणार, नाहीतर सोमवार ते शुक्रवार कचेरीत बसणारी ही एवढी माणसं रविवारी इथे कशाला आली असती?

पाऊस अर्ध्या तासात सरला. सगळे पुन्हा बाहेर, बाक पुसून पुन्हा सफरचंदं. पण आम्हाला पुढे जायचं होतं. प्रिमोझ हा अर्ध्या वाटेवरचा विसावा, वर वेलिका प्लानिनाचं पठार.

पुढच्या दोन तासांबद्दल फार सांगत नाही. चढ, चिखल, मुळं, चढ. भाचा शिट्टी वाजवत पुढे, मी मागे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्या सात पिढ्यांत मीही येते हे लक्षात आल्यावर गप्प झाले.

आणि मग पठार! झाडं संपली, आभाळ उघडलं, आणि चहूकडून घंटा. गाईंच्या गळ्यातल्या, शेकडो, वेगवेगळ्या सुरांतल्या. जूनच्या मध्यावर खालच्या गावांतली गुरं इथे वर आणतात, सप्टेंबरपर्यंत ठेवतात. आणि त्या कुरणांवर विखुरलेल्या गुराख्यांच्या झोपड्या मी तोवर फक्त फोटोत पाहिल्या होत्या. करड्या लाकडी फळ्यांची छपरं जवळजवळ जमिनीला टेकलेली, भिंती दिसतच नाहीत. जुनी रचना अशी होती, की झोपडी लंबवर्तुळाकार, मधोमध माणसाची एक छोटी खोली, आणि तिच्याभोवती त्याच छपराखाली गुरांची जागा. धुराडं नाही, धूर छपराच्या फळ्यांतून वाट काढी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन सैन्याने ही वस्ती जाळली, आज दिसतात त्या बहुतेक झोपड्या नंतर उभ्या राहिल्या. जुन्या लंबगोल घडणीची एक राखलेली आहे, तिचं छोटं संग्रहालय केलंय. आत वाकूनच जावं लागतं. मी कपाळ आपटून गेले.

इथलं सर्वांत उंच टोक १६६६ मीटर. आपलं कळसूबाई १६४६! म्हणजे मी कळसूबाईपेक्षा वीस मीटर वर उभी राहू शकत होते, परदेशात, गाईंच्या घोळक्यात! कळसूबाईच्या शेंदरी देवळाशेजारी वारा खात उभं राहिलेल्या कुणालाही या वीस मीटरांचं काय वाटेल ते मला माहीत आहे. काहीच नाही. पण मला वाटलं!

आणि तिथेच, एका उंचवट्यावर, चॅपल. मारिया स्नेझ्ना, हिमगौरी म्हणा हवं तर, बर्फाची मेरी. संपूर्ण लाकडाचं, छपराला त्याच करड्या फळ्या, शेजारच्या झोपड्यांच्या रक्तातलं. एका झोपडीने अंग आवरून मान उंच केली आणि डोक्यावर छोटा मनोरा घेतला, की झालं चॅपल. युद्धाच्या आधी गुराख्यांसाठी बांधलेलं, झोपड्यांबरोबर तेही जळालं, १९८८ मध्ये पुन्हा उभं राहिलं. मधली चाळीसेक वर्षं तिथे काहीच नव्हतं! नाताळच्या मध्यरात्री इथे प्रार्थना होते. बर्फातून, हातात दिवे घेऊन माणसं वर येतात. मी हे ऐकलं आणि तिथल्या तिथे भाच्याला डिसेंबरची तिकिटं बघायला सांगितली. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चॅपलच्या उताराला माणसं गवतात आडवी पडलेली. डोळ्यांवर टोपी, बूट बाजूला. दाराच्या उंबऱ्यावर एक मुलगी बसून पायाच्या फोडाला पट्टी लावत होती. आत जाणाऱ्याने तिला ओलांडून जायचं, आणि जात होते. एक म्हातारबाबा आत गेले, टोपी काढून क्षणभर उभे राहिले, बाहेर आले, टोपी घातली, आणि त्याच मुलीजवळ बसून सॅकमधून सॉसेज काढलं. भक्ती आणि भूक यांच्यामध्ये एवढं कमी अंतर मी पंढरीच्या वाटेवर पाहिलंय, युरोपात पहिल्यांदाच.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला माणूस मला रात्री भाच्याच्या पुस्तकात भेटला. याकोब अल्याझ. त्रिग्लावच्या पायथ्याच्या दोव्ये गावचा पाद्री, पक्का डोंगरवेडा, शिवाय संगीतकार. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आणि डोंगरांवर जर्मन भाषकांच्या गिर्यारोहण मंडळांचा वरचष्मा. याला ते खटके. त्याने काय करावं? गावाकडून त्रिग्लावचं शिखरच विकत घेतलं, एका गुल्डनला! आणि १८९५ च्या ऑगस्टमध्ये त्यावर एक छोटा गोल धातूचा मनोरा उभारला, सुटे भाग हमालांच्या पाठीवरून वर नेऊन. मला यातली सर्वांत भारी गोष्ट ही वाटली, की पाद्र्याने देशाच्या सर्वोच्च टोकावर चर्च नाही बांधलं. चार-पाच माणसं वादळात आत शिरून बसतील असा आडोसा बांधला. मग दुसऱ्या वर्षी खाली क्रेडारित्साच्या खांद्यावर, २५१५ मीटरवर, मुक्कामाचं घर झालं, आणि चॅपल आलं ते त्या घराच्या शेजाराला. आधी आडोसा, मग अंथरूण, मग देव. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे गडांवर नवी बांधकामं काढणाऱ्यांनी या पाद्र्याकडे शिकवणीला जावं.

खाण्याबद्दल राहिलंच! पठारावर गुराख्यांकडे आणि खाणावळींत आंबट दूध मिळतं, दह्याच्या अलीकडचं, मातीच्या भांड्यात, आणि त्याबरोबर झ्गान्त्सी, म्हणजे पिठाची घट्ट उकड मोडून केलेले गोळे. गव्हाची नव्हे, बहुधा कुट्टूची किंवा मक्याची. एकादशीला कुट्टू खाऊन तोंड वाकडं करणारी मी, दोन वाट्या रिचवल्या! शिवाय त्रनिच नावाचं चीज. मुठीएवढं, पेरूच्या आकाराचं, कडक, खारट, वर लाकडी ठशांनी उठवलेली नक्षी. ते नेहमी जोडीनेच करतात. उन्हाळाभर वर एकटा राहणारा गुराखी खाली उतरताना त्यातलं एक आवडत्या मुलीला देई, दुसरं स्वतःकडे ठेवी. तिने घेतलं की ठरलं. आकार असा का, हे विकणाऱ्या बाईंनी हातवारे करून समजावलं आणि भाचा कानापर्यंत लाल झाला. मी जोडी घेतली. एक त्याला दिलं, म्हटलं, ठेव, उपयोगी पडेल.

कुणी जाणार असाल तर एवढंच ऐका. वेलिका प्लानिनावर १९६४ पासून रोपवेचा पाळणा आहे, दरीतून बसलं की काही मिनिटांत वर. त्याने उतरा, हवं तर. पण चढू नका. चढलात तर प्रिमोझ चुकेल, भिंतीचं ऊन चुकेल, १५०४ मधली ती घोड्यांची रांग चुकेल, आणि वर पोचून तुम्ही नुसते पर्यटक असाल. जून ते सप्टेंबरमध्ये जा, गुरं वर असताना. सुट्टे युरो जवळ ठेवा. चर्चचं दार बंद असेल तर हिरमुसू नका, बाक बाहेर आहे. आणि सोबत चिक्की न्याच.

मला आता वेड लागलंय, हे घरच्यांनीही मान्य केलंय. नकाशावर मी पांढरे ठिपके शोधत बसते. क्रोपा नावाचं लोहारांचं गाव आहे, खिळ्यांसाठी प्रसिद्ध, त्याच्यावर यामनिकच्या सोंडेवर एक चर्च इतकं एकटं उभं आहे की फोटो बघून मी ओरडले. प्रेद्द्वोर गावावर, ९६१ मीटरवर, संत याकोबचं चर्च आहे आणि त्याला लागून डोंगरकऱ्यांची खोपटी. येत्या रविवारी तेच ठरलंय. भाचा मघाशी हवामानखात्याचं पान उघडून माझ्यापुढे नाचवत होता, दुपारनंतर गडगडाटासह पाऊस. मी म्हटलं, बरं झालं, रेनकोट घे आणि लवकर झोप, पहिली बस सातची आहे.